आधी विचारा, मग विणा: नागपुरात दानासाठी विणकाम-क्रोशा सुरू करताना

नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना मे महिनाच आठवतो. पण २०१८ च्या डिसेंबर अखेरीस याच शहरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. दरवर्षीही हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास, चौकाचौकांत संत्र्यांचे ठेले लागले की पहाटेची थंडी हाडात शिरतेच. त्या थंडीत मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आवारात पेशंटचे नातेवाईक चादर डोक्यावरून ओढून झोपलेले दिसतात. कुणी गोंदियाचे, कुणी गडचिरोलीचे, कुणी थेट बालाघाट-छिंदवाड्याहून आलेले. आत वॉर्डात दीड-दोन किलोंची बाळं असतात. या सगळ्यांसाठी घरबसल्या दोन सुयांवर बरंच काही करता येतं, आणि शिकायला फार वेळही लागत नाही.

ज्यांनी सुई कधी धरलीच नाही, किंवा शाळेत शिवणाच्या तासाला धरली आणि मग विसरली, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सुईच्या आधी चौकशी

दानासाठीच्या विणकामात सर्वांत जास्त लोकर वाया जाते ती न विचारता विणण्यात. एखादी हौसेनं जाळीची नाजूक शाल विणते, महिनाभर खपते, आणि ती संस्थेच्या कपाटात पडून राहते, कारण तिथे कपडे मशीनमध्ये गरम पाण्यात धुतले जातात आणि शाल एका धुण्यात आटून जाईल हे सगळ्यांना दिसतं. म्हणून आधी जायचं, भेटायचं, विचारायचं. लोकर त्यानंतर घ्यायची.

शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. बाहेरून येणाऱ्या मदतीची वाट बहुतेक त्यांच्या टेबलावरूनच जाते. नवजात बाळांच्या कक्षासाठी इन्चार्ज सिस्टरांना भेटावं. सकाळी राउंड चालू असताना जाऊ नका, दुपारी जा, आणि जाताना एखादा नमुना हातात असू द्या. नुसत्या बोलण्यापेक्षा वस्तू बोटांनी चाचपून पाहिली की सिस्टर लगेच सांगतात, ‘हे जाड आहे,’ ‘कानावर येत नाही,’ ‘असं पांढरं नको, डाग पडतात.’ ते सगळं वहीत लिहून घ्या. माप कोणतं हवं, धुतात कसं, सूत हवं की लोकर, किती नग आणि कधीपर्यंत, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

वृद्धाश्रम, बालगृह, मनपाचे रात्र निवारे यांनाही हेच विचारायचं. बालगृहात गेलात तर मुलांचे फोटो काढू नका आणि कुठे टाकू तर नकाच. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

कुणाला काय लागतं

बाळांपासून सुरुवात करू, कारण नवशिक्या हातांना तेवढं माप झेपतं. नवजात बाळाच्या अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या मध्ये राहायला हवं. अडीच किलोंहून कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी फार कमी असते, शरीराच्या मानानं डोकं मोठं असतं आणि उघड्या डोक्यातून ऊब भराभर जाते. म्हणून अशा बाळाला टोपडं सगळ्यात आधी लागतं. अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची जी कांगारू पद्धत आहे, तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करते. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, टोपडं आणि पायमोजे एवढंच असतं. बाळाला स्वेटर विणायची आपली पहिली ऊर्मी असते, पण या कक्षांत स्वेटरपेक्षा चांगली बसणारी टोपडी आणि मोजे कितीतरी जास्त कामी येतात.

आपल्याकडे हे काही नवं नाही. बाळंतविडा ही आपलीच रीत आहे: टोपडी, झबली, दुपटी, मोजे, सगळं मायेच्या बायकांनी मिळून केलेलं. आणि ज्या गावात कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ उभा केला, तिथे बाळ-बाळंतिणीसाठी अनोळखी हातांनी काही करणं मुळीच परकं वाटू नये.

पण सगळे बाळांसाठीच विणतात आणि मोठी मुलं राहून जातात. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट मोठ्या संख्येनं आहेत. या आजारात थंडी लागली की असह्य वेदनेचा झटका येऊ शकतो. हातपाय उबदार ठेवणं हा त्यांच्या पथ्याचाच भाग असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी कानटोपी, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे पायमोजे विणणारं कुणी भेटलं तर सिकलसेल तपासणी करणाऱ्यांना, आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांना ते खरंच हवं असतं. टोपडी दोन-चार झाली आणि हात बसला की माझं सांगणं असेल, इकडे वळा.

तुकडोजी कॅन्सर रुग्णालय किंवा जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट अशा ठिकाणांसाठी विणायचं मनात असेल तर लोकर बाजूला ठेवा. केमोनंतर केस गेलेल्या डोक्याची त्वचा फार हळवी होते, लोकर टोचते. मऊ सुती धाग्याची, आतून शिवण न लागणारी, कान झाकणारी टोपी विणा. सुती टोपी एसीच्या वॉर्डात ऊब देते आणि एप्रिलमध्ये घाम टिपते. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांसाठी सुती धाग्याचे हलके कृत्रिम स्तनही विणले जातात, आत मऊ भरण घालून ते ब्लाउजमध्ये ठेवता येतात. सिलिकॉनचे महाग आणि जड असतात, आणि आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात अंगाला चिकटतात, म्हणून हे काम नागपुरात फार मोलाचं आहे. पण ते नवशिक्यांचं नव्हे. वीण घट्ट आणि मापाला मिळती यायला लागली की मगच हाती घ्यावं.

वृद्धाश्रमांसाठी गुडघ्यांवर घ्यायचं साधारण ९० सेंमी चौरस पांघरूण बरं. शाल विणलीत तर पुढे एक मोठं बटण लावा. खुर्चीत बसलेल्या आजींच्या खांद्यावरून ती सतत घसरते आणि उचलायला दर वेळी कुणी जवळ नसतं.

लोकर घेताना

इतवारी-गांधीबागेत, महालात, सीताबर्डीवर लोकर मिळते. लडीवर किंवा गुंड्यावर ‘वूल’ लिहिलेलं असलं तरी स्वस्तातली बहुतेक लोकर ॲक्रेलिक असते. ॲक्रेलिक मऊ असतं, रंग सुंदर, धुवायला सोपं, म्हणून मफलर, कानटोप्या, मोठ्यांची पांघरुणं यांना चालतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवाच: ते आगीला वितळतं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असते, बाळाला ओव्याची धुरी देतात, खेड्यात पहाटे शेकोटीभोवती पोरं बसतात. वितळलेलं ॲक्रेलिक कातडीला चिकटतं. म्हणून बाळांसाठी मी सुती धाग्याचा किंवा खऱ्या मऊ लोकरीचाच आग्रह धरते.

ओळखायचं कसं? बोटभर धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत बाजूला केली की विझते आणि तिची राख बोटांनी चुरता येते. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ करडी राख राहते. ॲक्रेलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. सुती धागाही पेट घेतो, तेव्हा बाळाला शेगडीपासून लांब ठेवायचंच. फक्त तो अंगाला चिकटत नाही.

एका नगाला पुरेल एवढी लोकर एकदमच घ्या, वेष्टनावरचा डाय-लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) सारखा पाहून. तोच रंग पुढच्या महिन्यात आणलात तर छटा वेगळी निघते आणि टोपीवर पट्टा उठतो.

सुयांचे नंबर

आपल्या बाजारात सुयांचे नंबर जुन्या इंग्लंडच्या पद्धतीचे असतात: नंबर मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. अमेरिकेत उलटं, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. यूट्यूबवर बघून ‘नंबर ८’ घेतली आणि टोपडं बाहुलीचं झालं, असं अनेकींचं होतं. नंबर सोडा, मिलिमीटर बघा. सुरुवातीला मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिलिमीटरच्या सुयांची जोडी पुरते. क्रोशाची सुईही ४ मिलिमीटरचीच घ्या. शिवाय बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, मोजपट्टी आणि कात्री. बाकी डबे, खुणांच्या रिंगा वगैरे आत्ता नकोत.

पहिला चौकोन

शिकताना थेट टोपडं करू नका, २० सेंमीचा चौकोन करा. सुईवर ४० टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलटच (धागा सुईच्या मागे ठेवून घालायचा साधा टाका) विणत जा. दोन ओळींची मिळून एक उभार रेघ दिसते. अशा ४० रेघा झाल्या की चौकोन जवळपास चौरस येतो. टाके बंद करा. एवढ्याला २० ते २५ ग्रॅम लोकर लागते.

पहिल्या चौकोनाच्या कडा वाकड्या येतील, मध्येच ४० चे ४३ टाके होतील. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजायची सवय याच टप्प्यावर लावून घ्या. टाके वाढतात ते बहुतेक ओळीच्या सुरुवातीला, धागा सुईवरून मागे गेला की पहिल्या टाक्याचे दोन पाय दिसतात आणि आपण दोन्ही विणतो. धागा खाली, पुढच्या बाजूला घेऊन मग ओळ सुरू करा, हे थांबेल.

असे ३० चौकोन, पाचाच्या सहा ओळी, जोडले की १०० बाय १२० सेंमीचं पांघरूण होतं. एकटीनं करायला खूप, पण भिशीतल्या दहा जणींनी तीन-तीन केले तर पंधरा दिवसांचं काम. २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत क्रोशा करणाऱ्या बायकांनी असेच तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण केलं आणि जागतिक विक्रम केला. पुढे ती पांघरुणं गरजूंना वाटली गेली. आपल्याला विक्रम नको, पण तुकड्या-तुकड्यांनी मोठं काम उभं राहतं हे त्यातून घेण्यासारखं आहे. चौकोन जोडताना एकच जण जोडणारी ठेवा. सगळ्यांचे हात सैल-घट्ट असतात, ते सांभाळून घेणारा हात एकच हवा.

टोपडं, सुयांवर

पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३३ ते ३५ सेंमी भरतं. टोपडं त्याहून थोडं लहान विणायचं म्हणजे ताणून नीट बसतं.

आधी छोटा नमुना विणून मोजा. ४ मिलिमीटरच्या सुयांवर, एक ओळ सुलट एक ओळ उलट (धागा सुईच्या पुढे ठेवून) अशा विणीत १० सेंमीत २२ टाके यायला हवेत. जास्त आले तर एक नंबर जाड सुई, कमी आले तर बारीक.

६६ टाके घाला. दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर ३ सेंमी. ओळ दोन सुलटनं सुरू होऊन दोन सुलटवरच संपते, आणि परतीच्या ओळीत दोन उलटनं सुरुवात. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं एकूण उंची १० सेंमी होईपर्यंत.

आता माथा. एक सुलट, मग ‘६ सुलट, २ टाके एकत्र’ हे आठ वेळा, शेवटी एक सुलट. ५८ टाके उरतील. परतीची ओळ उलट. पुढच्या सुलट ओळीत ‘५ सुलट, २ एकत्र’ आठ वेळा, त्यापुढे ४, ३, २, १ असं कमी करत जा. दर वेळी आठ टाके घटतात आणि दोन्ही कडांचा एक-एक टाका तसाच राहतो. मधली प्रत्येक ओळ उलट. १८ टाके उरले की ‘२ एकत्र’ आठ वेळा, कडांचे दोन जसेच्या तसे, म्हणजे १०. हातभर धागा ठेवून तोडा, त्या दहाही टाक्यांतून ओवून घट्ट ओढा आणि त्याच धाग्यानं मागची शिवण घाला. शिवण सपाट हवी. बाळ दिवसभर त्याच बाजूवर झोपतं, जाड शिवणीचा वळ डोक्यावर उठतो.

दीड किलोच्या आसपासच्या बाळासाठी हेच ५८ टाक्यांनी सुरू करा, उंची ८ सेंमीवर माथा धरा, आणि कमी करणं ‘५ सुलट’पासून.

क्रोशावर

क्रोशा लवकर येतो, उसवायलाही सोपा. चार साखळ्यांची रिंग करून तीत १२ खांब (सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन घातलेले उभे टाके) घाला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे २४. तिसरीत एक सोडून एकावर दोन, ३६. चौथीत दर तिसऱ्यावर दोन, ४८. मग न वाढवता सरळ फेऱ्या, एकूण उंची १४-१५ सेंमी होईपर्यंत. शेवटची फेरी मुक्या खांबांची (वेढा न घेता घातलेल्या ठेंगण्या टाक्यांची) करा, कड पसरत नाही.

क्रोशाच्या विणीला भोकं राहतात, म्हणून बाळाच्या पांघरुणाला जाळीची नक्षी टाळा. बोटं अडकतात. लहान ऑक्टोपसची खेळणीही अलीकडे फार दिसतात. ही कल्पना २०१३ मध्ये डेन्मार्कमधून आली, बाळानं नळ्यांऐवजी त्याचे पाय धरावेत म्हणून. पाय ताणून २२ सेंमीपेक्षा लांब नसावेत, धागा शंभर टक्के सुती असावा, असे त्याचे नियम आहेत. कक्षातल्या डॉक्टरांनी स्वतःहून मागितल्याशिवाय मात्र करू नका.

टोकं

विणून झालं की घाई होते, आणि इथेच दानाच्या वस्तू नापास होतात. प्रत्येक टोक किमान १२ सेंमी ठेवा. बोथट सुईत ओवून आतल्या बाजूनं चार-पाच टाके एका दिशेनं, मग वळून उलट्या दिशेनं, मग एकदा आडवं न्या, आणि त्यानंतरच कापा. नुसती गाठ मारून कापलेलं टोक तीन-चार धुण्यांत बाहेर येतं. मोज्याच्या आत लोंबणारा एक धागा बाळाच्या अंगठ्याला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो, आणि बोलता न येणारं बाळ नुसतं रडत राहतं. मोजा, हातमोजा झाला की उलटा करून आत स्वतःचं बोट फिरवा. काहीही अडकलं तर पुन्हा टोक लपवा.

बाळाच्या वस्तूला गोंडा नको, मणी नको, बटण नको, गळ्याशी बांधायची नाडी नको. लांब केसांची लोकरही नको, तिचे तंतू नाकातोंडात जातात.

धुणं आणि ठेवणं

सौम्य साबणानं धुवा, सावलीत आडवं पसरून वाळवा. दोरीवर टांगलं तर लांबतं. अत्तर, सुगंधी कंडिशनर वापरू नका. कपाटात डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत. काही बाळांमध्ये जन्मतः जी६पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या नुसत्या वाफेनं फुटू शकतात आणि गंभीर कावीळ होते. वाळलेला कडुलिंबाचा पाला सुती पिशवीत घालून ठेवा.

पिशवीवर चिठ्ठी लावा: धागा कोणता, माप किती, कसं धुवायचं. नाव लिहायची गरज नाही.

वेळ साधा

आपली थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासून फार तर फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. संक्रांतीला पूर्ण झालेलं पांघरूण त्या वर्षी कुणाच्या फारसं कामी येत नाही. आषाढ-श्रावणात सुरू करा, दिवाळीच्या आत पोचवा. मार्च ते जूनमध्ये लोकर मांडीवर घेववत नाही, तेव्हा सुती टोप्या विणा; कॅन्सर रुग्णालयांना त्या बारा महिने लागतात.

संक्रांत वाया जायला नको. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी एकेक लोकरीचा गुंडा आणि ‘२० सेंमीचा चौकोन, ४० टाके’ अशी चिठ्ठी द्या. रथसप्तमीपर्यंत दहा घरची लोकर दहा घरी जाते आणि पुढच्या थंडीचं पांघरूण तेव्हाच सुरू होतं.

वस्तू देऊन आल्यावर महिन्याभरानं सिस्टरांना पुन्हा भेटा. कोणतं टोपडं धुण्यात आटलं, कोणतं माप पडून राहिलं, कोणतं लगेच संपलं, हे विचारा आणि वहीत पहिल्या भेटीच्या पानाशेजारीच लिहा. पुढच्या खेपेचे टाके त्या पानावरून ठरतील.